रत्नागिरीत भाड्याची इमारत ‘हरित’ करायची तर पैसे कुठे घालावेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरी शहराच्या हद्दीत, समुद्रापासून चार-पाच किलोमीटर आत, तुमची वडिलोपार्जित १५ गुंठे जागा आहे आणि तिच्या पश्चिमेला रस्ता आहे. तिथे तळमजला आणि वर दोन मजले, एकूण १२,००० चौरस फूट व्यापारी बांधकाम करायचं आहे. खाली दुकानं आणि जमलं तर एखादी बँक, वर दवाखाने, लॅब, लहान ऑफिसं. गाळे विकायचे नाहीत, भाड्याने द्यायचे आहेत. वास्तुविशारद म्हणतात, हरित इमारत केली तर खर्च १५ टक्के वाढेल. मुंबईचे काका म्हणतात, प्रमाणपत्र घेतलं की भाडं जास्त मिळतं आणि एफएसआयही (जागेच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) वाढून मिळतो. तेव्हा हा जादा खर्च वसूल होईल का?

मी बरीच वर्षं किनारपट्टीवरच्या इमारतींचं वीज, पाणी आणि एसीचं नियोजन करतो आणि मालकासोबत बसून त्याचा हिशेबही मांडतो. त्या कामातून सांगतो, की तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकत्र बांधले गेले आहेत. प्रमाणपत्रातून पैसा येतो का, हा पहिला. हरित म्हणून जे जे बांधायचं त्यातलं काय या हवेत खरोखर कामाचं आहे, हा दुसरा. आणि खर्च तुम्ही करणार पण विजेचं बिल भाडेकरू भरणार, मग बचत कुणाच्या खिशात जाते, हा तिसरा. बहुतेक मालक पहिल्या प्रश्नावर अडकतात. माझ्या अनुभवात निकाल तिसऱ्यावर लागतो.

खाली मी हिशेबासाठी काही दर धरले आहेत: बांधकाम चौरस फुटाला २,४०० रुपये, व्यापारी वीज युनिटला १३ रुपये, वरच्या मजल्यांचं भाडं चौरस फुटाला महिना ३५ रुपये. हे तुमच्या कोटेशनप्रमाणे, तुमच्या बिलाप्रमाणे बदलून घ्या. दर बदलले तरी हिशेबाची रीत तीच राहते.

आधी प्रमाणपत्र उरकून टाकू. काका सांगतात ते मुंबई-पुण्यापुरतं खोटं नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात किंवा हिंजवडीत जे मोठे भाडेकरू येतात, त्यांच्या कंपन्यांनी कार्बन कमी करण्याची जाहीर वचनं दिलेली असतात. त्यांच्या मुख्यालयाला दरवर्षी अहवाल द्यावा लागतो, आणि प्रमाणित इमारत नसेल तर ती त्यांच्या यादीतच येत नाही. तिथे प्रमाणपत्र म्हणजे बाजारात उभं राहण्याचा परवाना आहे. रत्नागिरीत तुमच्याकडे येणार आहे औषधांचा दुकानदार, दातांचा डॉक्टर, सीए, विमा कंपनीचं शाखा कार्यालय. यातलं कुणीही जागा बघायला आल्यावर आयजीबीसीचं (हरित इमारतींना प्रमाणपत्र देणारी संस्था) सुवर्ण की रौप्य असं विचारत नाही. ते दोनच गोष्टी विचारतात: मे महिन्यात पाणी असतं का, आणि पावसात लाइट गेली तर काय सोय आहे? या दोन प्रश्नांकडे मी पुढे परत येणार आहे, कारण कोकणात हरित इमारतीचं भाडं तिथून येतं.

एफएसआयचं काकांनी सांगितलेलं मात्र नीट तपासून पाहा. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत हरित इमारतीला मूळ एफएसआयवर सवलत आहे: ‘गृहा’ या दुसऱ्या मानांकनाचे तीन तारे किंवा आयजीबीसी रौप्यला ३ टक्के, चार तारे किंवा सुवर्णला ५ टक्के, पाच तारे किंवा प्लॅटिनमला ७ टक्के. आता तुमची जागा बघा. १५ गुंठे म्हणजे सुमारे १,५१७ चौरस मीटर. तुम्ही बांधणार १२,००० चौरस फूट, म्हणजे १,११५ चौरस मीटर. तुम्ही एक एफएसआयसुद्धा पुरता वापरत नाही. जो हक्क आज हातात आहे तोच शिल्लक राहणार असेल तर त्यावर आणखी ५ टक्के मिळवून करायचं काय? जिल्ह्याच्या गावांत हे फार वेळा दिसतं. एफएसआय संपत नाही, भाडेकरू संपतात. दुसऱ्या मजल्याच्या वर जिना चढून गिऱ्हाईक येत नाही म्हणून मालकच तिसरा मजला बांधत नाही.

शिवाय प्रमाणपत्राची नोंदणी, शुल्क, सल्लागार, संगणकावरचं ऊर्जेचं विश्लेषण, कागदपत्रं या खर्चाचा मोठा भाग इमारतीच्या आकाराप्रमाणे कमी होत नाही. दोन लाख चौरस फुटांवर तो जाणवत नाही, १२,००० चौरस फुटांवर जाणवतो. तेव्हा तुमच्या बाबतीत माझं स्पष्ट मत: या इमारतीला प्रमाणपत्र घेऊ नका. गृहा किंवा आयजीबीसीची सूची मात्र वास्तुविशारदासोबत बसून पूर्ण वाचा, ती चांगली अभ्यासून केलेली आहे आणि वाचायला पैसे पडत नाहीत. उद्या एखादी राष्ट्रीय कंपनी पूर्ण मजला घ्यायला तयार झाली आणि तिने करारातच प्रमाणपत्राची अट घातली, तर गोष्ट वेगळी. मग तो खर्च भाड्यात मागता येतो.

आता त्या १५ टक्क्यांकडे. २ कोटी ८८ लाखांवर १५ टक्के म्हणजे ४३ लाख. वास्तुविशारदांना विचारा, या ४३ लाखांत काय काय आहे, ओळीवार द्या. मला अशा याद्यांमध्ये साधारण हेच दिसतं: दुहेरी काच, मध्यवर्ती व्हीआरएफ एसी (बाहेरच्या एका मोठ्या युनिटवर अनेक खोल्या चालतात तो), गच्चीवर इन्सुलेशन आणि पांढरा रंग, सांडपाणी शुद्धीकरण, सोलर, प्रमाणपत्र. ही यादी पुण्या-मुंबईच्या ऑफिस इमारतीची आहे. आपल्या हवेला ती जशीच्या तशी लावली तर निम्मे पैसे वाया जातात.

आपली हवा उष्ण-दमट आहे. रत्नागिरीत पारा ४० पर्यंत सहसा जात नाही, रात्रीही तो फारसा उतरत नाही, आणि दमटपणा कायम. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. देशावर जाड भिंत दिवसाची उष्णता धरून ठेवते आणि रात्री सोडते, कारण रात्र थंड असते. इथे रात्र तशी थंड होत नाही, म्हणून जाड भिंतीचा तो फायदा इथे फार थोडा. इथे खरी लढाई तीन गोष्टींशी आहे: थेट ऊन, हवेतली ओल आणि खारा वारा.

तुमच्या नकाशात पश्चिमेला रस्त्याकडे पूर्ण काचेचा दर्शनी भाग आहे, असं तुम्ही लिहिलंय. यावर मी जरा थांबतो, कारण तुमच्या इमारतीतला सगळ्यात मोठा हिशेब इथेच आहे. समजा ती काच १,००० चौरस फूट, म्हणजे ९३ चौरस मीटर आहे. दुपारी तीन-चारच्या पश्चिमेच्या उन्हात दर चौरस मीटरला ५०० वॅट ऊर्जा पडते असं धरा. साध्या काचेतून त्यातली सुमारे ८० टक्के आत येते. म्हणजे ३७ किलोवॅट उष्णता, जी बाहेर काढायला साडेदहा टन एसी लागतो. नुसत्या दर्शनी काचेसाठी! आता यावर उपाय म्हणून दुहेरी काच सुचवली आहे. पण दुहेरी काच प्रामुख्याने आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकामुळे होणारा उष्णतेचा प्रवास अडवते. बाहेर ३२, आत २५ असा सात अंशांचा फरक धरला तर साध्या एकेरी काचेतून या वाटेने चौरस मीटरला सुमारे ४० वॅट येतात, सगळ्या काचेचे मिळून जेमतेम एक टन. दुहेरी काच त्यातला निम्मा वाचवेल. सावली मात्र साडेदहा टनांतले सात-आठ टन वाचवते. भर उन्हात जाड कपडा अंगावर घेण्यापेक्षा छत्री उघडावी, तसं आहे हे. उन्हासाठी खास लेप दिलेली काच मिळते, तिचा काही उपयोग होतो, पण ती महाग असते आणि सावलीची बरोबरी करत नाही.

पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, त्यामुळे नुसता दोन फुटी छज्जा पुरत नाही. त्यापेक्षा नकाशाच फिरवा. जिना, लिफ्ट, स्वच्छतागृहं आणि वरच्या मजल्यांचा व्हरांडा पश्चिमेला घ्या. हे सगळं तुम्ही कुठे ना कुठे बांधणारच आहात, जागा बदलायला जादा पैसे लागत नाहीत. व्हरांड्याला बाहेरून उभ्या पट्ट्या किंवा जाळी द्या. तळमजल्यावर दुकानांपुढे सहा ते आठ फुटांची पडवी ठेवा. आपल्या जुन्या घरांना पडवी होती ती याच कारणासाठी: ऊन भिंतीपर्यंत येत नाही आणि नैर्ऋत्येचा वारा झड घेऊन आला तरी ती दारात थांबते. दुकानदाराला तर पडवी हवीच असते. जुलैच्या पावसात गिऱ्हाईक छत्री मिटवायला जिथे उभं राहू शकतं तिथे ते दुकानात शिरतं. काच १,००० ऐवजी ४०० चौरस फुटांवर आणली की वाचलेल्या पैशांत पट्ट्या आणि जाळीचा बराच खर्च निघतो. पडवी आणि व्हरांडा चटईक्षेत्रात किती मोजला जातो ते नगरपरिषदेच्या अभियंत्याशी आधीच बोलून घ्या. तुमच्याकडे एफएसआय शिल्लक आहे, त्यामुळे मोजला गेला तरी अडणार नाही.

या सावलीने वर्षाला किती वाचेल? ऑक्टोबर ते मे धरले, त्यातले दोनशे उन्हाचे दिवस, रोज चार तास, तर माझ्या ढोबळ हिशेबाने चार हजार युनिटांच्या आसपास, म्हणजे पन्नास-पंचावन्न हजार रुपये. शिवाय सात-आठ टन एसी विकतच घ्यावा लागत नाही. पण लक्षात घ्या, हे सगळे पैसे भाडेकरूचे वाचले, तुमचे नाहीत. हाच तो तिसरा प्रश्न. मी तरीही सावली करा म्हणतो, कारण तिचा जादा खर्च जवळजवळ शून्य आहे.

एसीबद्दल थोडक्यात. वेगवेगळे भाडेकरू, वेगवेगळ्या वेळा, बँक पाचला बंद, दवाखाना रात्री नऊपर्यंत चालू. अशा इमारतीत मालकाने मध्यवर्ती एसी बसवू नये. ज्याचा त्याने इन्व्हर्टर स्प्लिट लावावा. तुम्ही बाहेरच्या युनिटसाठी सावलीतली, समुद्राच्या वाऱ्यापासून आडोशाची, माणसाला सहज पोचता येईल अशी ओटी आणि पाण्याचा निचरा देऊन ठेवा. खाऱ्या वाऱ्यात युनिटच्या पातळ पट्ट्या फार लवकर खातात, आणि धुता येत नसेल तर त्या आणखी लवकर जातात. भाडेकरूंना एक सांगा: गरजेपेक्षा मोठा एसी घेऊ नका. मोठा एसी खोली झटपट थंड करून बंद पडतो, ओल काढत नाही, आणि मग फायलींवर बुरशी धरते. छताचा पंखा चालू ठेवून एसी २६ वर ठेवला तर माणसाला २४ इतकंच बरं वाटतं. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या सांगण्याप्रमाणे दर अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते.

छताचं पाहू. पांढरा परावर्तक रंग कागदावर स्वस्त आणि छान दिसतो. पण कोकणात पहिल्याच पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं आणि ऑक्टोबरमध्ये, नेमकं ऊन वाढताना, तो काळपट हिरवा झालेला असतो. दरवर्षी दसऱ्याच्या आधी घासून धुणार असाल तरच तो करा. मी स्लॅबवर, मधे हवा खेळती ठेवून, उताराचा पत्रा सुचवतो. रत्नागिरीत दहा-बारा वर्षांनी गच्ची गळायला लागली की बहुतेक मालक शेवटी पत्रा टाकतातच. ४,००० चौरस फुटांना दहा-बारा लाख खर्च येतो. तो आता नकाशात दाखवून, परवानगी घेऊन, वाऱ्याचा जोर धरून आरेखन केलंत तर त्याच्या आधाराने सोलरही बसतं आणि पावसाचं पाणी एका पन्हळीत गोळा होतं. वाऱ्याचा जोर धरून, हे मी मुद्दाम म्हणतोय. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं तेव्हा मंडणगड-दापोलीत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं, आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्तेने सिंधुदुर्ग-रत्नागिरीला झोडपलं. हुकबोल्टची संख्या आणि पत्र्याची जाडी यात वाचवलेले चार पैसे अशा एका दुपारी जातात.

भिंतींच्या बाबतीत चिरा (जांभा दगड) की एएसी ब्लॉक (आत हवेचे बुडबुडे असलेले हलके सिमेंटचे ब्लॉक), असं तुम्ही विचारलंय. चिऱ्याला भट्टी लागत नाही, तो जवळच्या खाणीतून येतो आणि आपले गवंडी त्यात तयार आहेत. एएसी ब्लॉक आंबा घाट उतरून ट्रकने आणावे लागतात. तरी हिशेब एकतर्फी नाही. चिरा ब्लॉकच्या तिपटीहून जड, त्यामुळे वरच्या मजल्यांना तो वापरला की बीम, कॉलम आणि पायातलं लोखंड वाढतं. नऊ इंची भिंतीऐवजी सहा इंची घेतली तर तुमच्या वरच्या दोन मजल्यांत मिळून सुमारे १२५ चौरस फूट वापरायची जागा वाढते, ३५ रुपयांनी वर्षाला पन्नास हजारांच्या वर भाडं, आणि हे पैसे थेट तुमचे. म्हणून मी तळमजला चिऱ्याचा आणि वरचे मजले ब्लॉकचे करतो. ब्लॉकला गिलावा करणारा गवंडी मात्र त्यातला जाणकार हवा, नाहीतर भेगांतून झडीचं पाणी आत येतं. उघडा चिरा पश्चिमेच्या झडीत ठेवू नका. तो पाणी पितो आणि दिवाळीपर्यंत सुकत नाही.

यापुढची गोष्ट कुठल्याच हरित कोटेशनमध्ये ठळक नसते, आणि माझ्या मते किनाऱ्यावर ती पहिली असायला हवी: इमारत टिकणं. पंधरा-वीस वर्षांत ज्या स्लॅबचं लोखंड गंजून पोपडे पडतात, तिचं सिमेंट, लोखंड आणि त्यासाठी जळलेला कोळसा सगळं फुकट गेलं. मग ती कितीही वीज वाचवत असो. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनारी हवेला उघडं असलेलं काँक्रीट ‘तीव्र’ वर्गात येतं: किमान एम ३० ताकदीचं काँक्रीट, आणि लोखंडावर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर. गावात अजूनही एम २० आणि २५ मिलिमीटरवर कामं चालतात. तुमच्या इमारतीला ४०० ते ४५० घनमीटर काँक्रीट लागेल. एम २५ ऐवजी एम ३० ला घनमीटरमागे ३०० रुपये जास्त धरले तर एकूण सव्वा लाखाच्या आसपास, म्हणजे प्रकल्पाच्या अर्धा टक्काही नाही. खाडीची वाळू वापरू नका, तिच्यातलं मीठ लोखंड आतून खातं. स्लॅग सिमेंट (पोलाद कारखान्यातली मळी मिसळलेलं) वापरा. ते क्षार सहज आत शिरू देत नाही, त्याला भट्टी कमी लागते आणि ते महागही नसतं. पर्यावरण आणि पैसा असे एकाच दिशेला जाताना क्वचित सापडतात. एक गोष्ट पाळा: स्लॅग सिमेंटला ताकद यायला वेळ लागतो, तेव्हा पाणी मारणं आणि सेंट्रिंग काढणं यात घाई नको.

पाण्याचा हिशेब सांगतो, तो ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. ३,००० मिलिमीटर पाऊस, ३७० चौरस मीटर छप्पर, वीस टक्के वाया गेले तरी नऊ लाख लिटरच्या जवळ पाणी मिळतं. मोठी टाकी बांधू आणि वर्षभर वापरू, असं कुणालाही वाटेल. तुमच्या इमारतीला माणसं, पेशंट, गिऱ्हाईक धरून रोज पाच हजार लिटर लागतील. टंचाईचे दिवस एप्रिलपासून मिरगाच्या पावसापर्यंत पंचाहत्तर. म्हणजे पावणेचार लाख लिटरची टाकी. लिटरला साडेआठ रुपये धरले तर ३२ लाख. तेवढंच पाणी टँकरने घेतलं, दहा हजार लिटरला अडीच हजार धरून, तर वर्षाला ९४ हजार. ३२ लाख गुंतवून ९४ हजार वाचवण्यात अर्थ नाही, हे मी मालकांना नेहमी सांगतो.

पण ७५,००० लिटरची टाकी साडेसहा लाखांत होते आणि ती वेगळं काम करते. पावसाळ्याचे चार महिने ती पुन्हा पुन्हा भरते, नळाचं पाणी घ्यावंच लागत नाही. उन्हाळ्यात नळाला दिवसाआड पाणी आलं तरी ते साठवून ती पंधरा दिवसांचा आधार देते. मागणीही कमी करा: ऑफिसचा प्रमाणित वापर माणशी ४५ लिटर धरतात, त्यातले २० नुसत्या फ्लशचे. दोन बटणांचा फ्लश आणि नळांना जाळी, याला खर्च किरकोळ आहे. जमीन उताराची असेल तर जोत्याखाली जी भर घालणार आहात, त्या पोकळीतच टाकी घ्या. काळवत्री (कठीण काळा दगड) लागली तर खोदाई रडवते. जांभ्यात जिरवलेलं पाणी दिवाळीनंतर खालच्या पऱ्ह्यात (ओढ्यात) निघून जातं, तेव्हा नुसत्या शोषखड्ड्यावर विसंबू नका. ५०० चौरस मीटरच्या वरच्या जागेला पाऊसपाणी संकलन नियमाने करावंच लागतं, म्हणजे त्यातला काही खर्च तसाही होणार आहे.

आता सोलर. गच्चीभर पॅनेल लावून सगळ्यांची वीज फुकट, असं विक्रेता सांगेल. पण साधं नेट मीटरिंग, म्हणजे सोलरची वीज बिलातून वजा करण्याची सोय, ज्या ग्राहकाच्या मीटरवर आहे त्याच्याच बिलात वजावट होते. भाडेकरूंचे मीटर वेगळे. तुमच्या नावावर राहील तो लिफ्ट, पंप, जिना आणि पार्किंगचा. तो महिना नऊशे युनिट धरला तर आठ किलोवॅट पुरेत. किनाऱ्यासाठी गरम झिंकमध्ये बुडवलेला सांगाडा, स्टेनलेस बोल्ट, क्षारचाचणी झालेली पॅनेल घेऊन किलोवॅटला ५८,००० धरा: ४ लाख ६४ हजार. पावसाळ्यातली घट धरून किलोवॅटला वर्षाला १,३०० युनिट, म्हणजे १ लाख ३५ हजारांची वीज. साडेतीन वर्षांत वसूल. पॅनेलचा कोन दहा-बारा अंशच ठेवा; उत्पन्नात फारसा फरक पडत नाही आणि वारा कमी पकडतो.

दोन गोष्टी विक्रेते सांगत नाहीत. एक: साधं ग्रिडला जोडलेलं सोलर लाइट गेली की तेही बंद होतं. जुलैत तार तुटून सहा तास अंधार झाला तर ते कामाचं नाही. लिफ्ट आणि पंपापुरता बॅटरी असलेला हायब्रिड इन्व्हर्टर घ्या. दोन: सोलरवर ४० टक्के घसारा मिळतो असं सांगतात. तो धंद्याच्या उत्पन्नातून. तुमचं भाडं ‘घरमालमत्तेपासूनचं उत्पन्न’ म्हणून आकारलं जात असेल, तर त्यात ३० टक्के ठोक वजावट मिळते, घसारा नाही. सीएला आधी विचारा. तोच घसारा लॅबवाल्या डॉक्टरांना मात्र मिळू शकतो. म्हणून गच्चीचा ठरावीक भाग भाड्यासोबत देऊन त्यांनाच त्यांच्या मीटरवर सोलर लावू द्या. त्यांची बिलं कमी होतात, भांडवल त्यांचं, आणि छपरात पैसे घातलेला भाडेकरू तीन वर्षांत सोडून जात नाही.

आतापर्यंतचं एकत्र मांडतो. काँक्रीट सव्वा लाख, टाकी साडेसहा, सोलर बॅटरीसकट सहा, पाणी वाचवणारे नळ-फ्लश एक, काचेतली बचत वजा जाता सावलीचे दोन. साधारण सतरा लाख, म्हणजे सहा टक्के. पत्र्याचे अकरा लाख वेगळे, जे आज नाही तर उद्या जाणारच. दुहेरी काच, मध्यवर्ती एसी, प्रमाणपत्र यादीतून बाहेर. सांडपाणी प्रकल्पही या आकाराला सोडा, चालवायला माणूस मिळत नाही आणि वर्षभरात तो बंद पडलेला दिसतो.

हे सतरा लाख बिलातल्या बचतीतून पूर्ण परत येतात का? नाही. सोलरचे आणि पातळ भिंतींमुळे वाढलेल्या जागेचे मिळून वर्षाला १ लाख ८५ हजारांच्या आसपास तुमच्या हातात येतात. बाकीचं येतं भाडेकरू टिकण्यातून. १,३०० चौरस फुटांचा एक गाळा तीन महिने रिकामा राहिला तर १ लाख ३६ हजार बुडतात, आठ किलोवॅट सोलरच्या वर्षभराच्या कमाईइतके. मे महिन्यात नळ चालू असलेली आणि पावसात लिफ्ट चालणारी इमारत गावात माहीत होते. दवाखाने आणि लॅब अशा जागेला चौरस फुटाला दोन-तीन रुपये जास्त देतात, हे मी पाहिलं आहे, आणि पाणी-वीज हीच कारणं ते सांगतात. बँका देत नाहीत. त्यांचे दर आजूबाजूच्या भाड्यावरून ठरतात. म्हणून बँकेवर हिशेब बांधू नका.

काही गोष्टी जागेवर अवलंबून आहेत. तुमचं गाव रत्नागिरीऐवजी चिपळूण असतं तर मी पहिला प्रश्न २२ जुलै २०२१ च्या महापुरात पाणी कुठवर आलं होतं हा विचारला असता, आणि मीटर, पॅनेल, जनरेटर सगळं पहिल्या मजल्यावर नेलं असतं. जागा थेट किनाऱ्याला असती तर सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) परवानगी आधी आणि बाकी सगळं नंतर. गाळे विकायचे असते तर टाकी आणि सोलरचा खर्च विक्रीच्या दरात घेता आला असता, आणि पुढची देखभाल सोसायटीच्या माथी. भाड्याने देताय म्हणून पुढच्या तीस वर्षांची दुरुस्ती तुमची आहे. त्यामुळेच मी काँक्रीटवर इतका जोर दिला.

नकाशा मंजुरीला टाकण्याआधी दोन-तीन संभाव्य भाडेकरूंशी, विशेषतः लॅब आणि दंतवैद्य यांच्याशी, प्रत्यक्ष बोला. त्यांना किती पाणी लागतं, कुठली यंत्रं लाइट गेल्यावरही चालू राहायला हवीत, छतावर किती जागा हवी, हे लिहून घ्या आणि करारात तसंच घाला: गच्चीचा हिस्सा कुणाचा, टाकीच्या देखभालीचा खर्च कसा वाटायचा, एसीची बाहेरची युनिटं कुठे बसतील. मग वास्तुविशारदांकडून पश्चिमेला जिना-व्हरांडा घेतलेला दुसरा नकाशा मागा आणि दोन्ही नकाशांचा खर्च ओळीवार समोरासमोर ठेवा. तो तक्ता इथे टाकलात तर मी आकडे तपासून देईन.